दूरच्या पाण्यासाठी जादा इंधन

शिडाच्या काळात कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील तांडेलाला वाऱ्याची वाट पाहावी लागे. परंतु तो वारा पिंपात भरून बरोबर न्यावा लागत नसे. 1953 साली केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्पाचे काम सुरू झाले, मासेमारीच्या नौकांना यंत्रे बसू लागली, आणि पुढे हळूहळू सबंध पश्चिम किनाऱ्यावर यंत्राचा आवाज घुमू लागला. यंत्राने तांडेलाला वाऱ्याच्या लहरीतून सोडविले खरे. पण त्याच्या गळ्यात एक नवी चिंता बांधली. टाकीत आहे तेवढेच त्याचे बळ. टाकी संपली की पन्नास-शंभर अश्वशक्तीचे यंत्र आणि लाकडाचा ओंडका यांत काही अंतर उरत नाही.

जवळच्या पाण्यात मासळी होती तोवर ही चिंता फारशी जाणवली नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतचे पाणी हे राज्यांच्या अखत्यारीतले. तेथे आज एवढी गर्दी झाली आहे की, धाडसी तांडेलाची नजर आपसूक त्यापलीकडे जाते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच आहे. अशा दूरच्या पाण्यावर जायचे तर मूळची टाकी अपुरी पडते. मग मनात पहिला विचार येतो तो असा की, डेकवर चार पिंपे वाढवू आणि निघू. हा विचार सोपा आहे. परंतु नौकेच्या सुरक्षिततेला धोका पोहोचविणारे जे मार्ग आहेत, त्यांतील सर्वांत सरधोपट मार्ग हाच होय. जादा इंधन न्यावे की नाही, किती न्यावे, कोठे ठेवावे आणि कसे वापरावे, या चार प्रश्नांचा क्रमाने विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम किती, हे पाहू. डिझेल यंत्र ज्या ताकदीने प्रत्यक्ष चालत असेल, त्या प्रत्येक अश्वशक्तीमागे ते ताशी साधारण पाव लिटर डिझेल खाते. यंत्रावर लिहिलेली शक्ती आणि चालताना खर्च होणारी शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. समजा, एका नौकेचे यंत्र शंभर अश्वशक्तीचे आहे आणि सात नॉटच्या वेगाने जाताना त्यातील साठ अश्वशक्ती कामी लागते. म्हणजे ताशी पंधरा लिटर डिझेल. आंग्रिया बँकेचे 105 किलोमीटर म्हणजे सुमारे 57 सागरी मैल. जायला आठ तासांहून थोडा अधिक वेळ, यायला तेवढाच. दोन्ही मिळून सुमारे 245 लिटर. तेथे तीन दिवस राहून रोज सहा तास जाळी टाकण्या-ओढण्यासाठी यंत्र मंद चालविले आणि ताशी सहा लिटर लागले, तर आणखी 108 लिटर. एकूण खर्च झाला 353 लिटर.

परंतु 353 लिटर घेऊन निघणारा तांडेल शहाणा नव्हे. समुद्रावरचा जुना हिशेब तिसऱ्या हिश्शाचा आहे: बरोबर नेलेल्या इंधनाचे तीन भाग करावेत, दोन भागांत जाणे, काम आणि येणे उरकावे, तिसरा भाग समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी, उलट्या प्रवाहासाठी, वाट चुकल्यास ती शोधण्यासाठी आणि अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या नौकेला ओढून आणण्यासाठी राखून ठेवावा. या हिशेबाने 353 च्या दीडपट, म्हणजे सुमारे 530 लिटर हवे. मूळची टाकी 300 लिटरची असेल तर 230 लिटरांची तूट आहे.

ही तूट भरून काढण्यापूर्वी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहण्याजोगा आहे, तो म्हणजे वेग कमी करणे. पाण्यातून जाणाऱ्या नौकेला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सात नॉटऐवजी 6.3 नॉटने, म्हणजे दहा टक्के सावकाश गेल्यास ताशी पंधरा लिटरांचा खर्च अकरा लिटरांवर येतो. प्रवासास एकूण दोन तास अधिक लागतात हे खरे. तरीसुद्धा जाण्यायेण्याचे 245 लिटर सुमारे 198 वर येतात. राखीव भाग धरून पूर्ण फेरीची गरज 530 वरून 460 लिटरांपर्यंत उतरते. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून काढले, वाकलेला पंखा सरळ केला, तर आणखी बचत होते. म्हणजे 230 लिटरांची टाकी बसवावी असे जेथे वाटत होते, तेथे 160 लिटरांची पुरते. न बसविलेल्या टाकीला गंज चढत नाही आणि ती गळतही नाही.

आता दुसरा प्रश्न: ही टाकी कोठे ठेवावी? डिझेलचे वजन लिटरला साधारण 840 ग्रॅम असते. पाचशे लिटर म्हणजे 420 किलो, सहा-सात माणसांचे वजन. बारा टन वजनाच्या नौकेला हा बोजा तसा जड नाही. पण बोजा किती, यापेक्षा तो किती उंचावर, याला समुद्रावर अधिक महत्त्व आहे. हेच 420 किलो नौकेच्या गुरुत्वमध्यापासून दीड मीटर उंचीवर, म्हणजे डेकवर किंवा केबिनच्या छपरावर ठेवले, तर सबंध नौकेचा गुरुत्वमध्य सुमारे पाच सेंटिमीटर वर सरकतो. पाच सेंटिमीटर म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. कलंडलेली नौका पुन्हा सरळ होण्यामागे जी शक्ती असते, तिचे माप नौकाशास्त्रात मध्यांतराच्या उंचीने सांगतात, आणि मासेमारीच्या नौकांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशींत हे माप साधारणतः किमान 35 सेंटिमीटर धरलेले आहे. त्या 35 मधून पाच गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला, आणि तोही जाळे, बर्फ व मासळी चढण्याआधीच.

यावर कोणी म्हणेल की, मग टाकी खाली, पठाणाच्या, म्हणजे नौकेच्या कण्याच्या जवळ बसवू. हे योग्यच आहे. परंतु त्यातही एक बारकावा आहे. तळातले इंधन जाताना नौकेला भरीव वजनासारखे स्थैर्य देते. परतताना मात्र ते जळून गेलेले असते. त्याच वेळी डेकवर ओली जाळी आणि मासळीच्या टोपल्या असतात. नौका सर्वांत अस्थिर असते ती बंदर सोडताना नव्हे, तर माघारी येताना. म्हणून जादा टाकीचा हिशेब करताना भरलेली टाकी आणि रिकामी टाकी अशा दोन्ही अवस्थांचा विचार करावा लागतो.

तिसरी गोष्ट अर्धवट भरलेल्या टाकीची. पाण्याने भरलेली रुंद परात दोन हातांवर घेऊन चालणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. परात किंचित कलली की सारे पाणी त्या बाजूला धावते आणि कल अधिकच वाढतो. तेवढेच पाणी तांब्यात असेल तर ती निर्धास्त चालते. टाकीचेही तसेच आहे. पूर्ण भरलेल्या टाकीतील डिझेल हलत नाही, रिकाम्या टाकीत हलायला काही नसते. अर्धी टाकी मात्र नौका ज्या बाजूला कलेल त्या बाजूला आपले वजन नेऊन टाकते. हा दोष टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर लांब आणि 2.4 मीटर रुंद अशी एकच आडवी टाकी बारा टनी नौकेत बसविली, तर ती अर्धी असताना मध्यांतराची उंची सुमारे आठ सेंटिमीटरांनी घटते. तीच टाकी मधोमध, नाळेपासून मागच्या अंगापर्यंतच्या दिशेने उभी भिंत घालून दोन भागांत विभागली, तर हा तोटा एक चतुर्थांश, म्हणजे दोन सेंटिमीटर होतो. रुंद टाकीपेक्षा अरुंद आणि लांब टाक्या बऱ्या, हा नियम यातून निघतो. टाकीत आडव्या पडद्या घालतात, त्या इंधनाचा नाळेकडून मागे होणारा हेलकावा मोडतात. बाजूंचा कल मात्र त्यांनी कमी होत नाही. या दोहोंचा घोटाळा होऊ देऊ नये.

दोन्ही बाजूंना दोन टाक्या बसवून त्या खालून एका नळीने जोडण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. बंदरात ती सोयीची वाटते, कारण एकीत भरले की दुसरी आपोआप भरते. समुद्रावर मात्र नौका वाऱ्याने एका अंगावर कलली की, याच नळीतून वरच्या बाजूचे डिझेल खालच्या बाजूला उतरू लागते. तासाभरात नौका कायमची त्या अंगावर झुकलेली दिसते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा नळीवर झडप असावी आणि बंदर सोडण्यापूर्वी ती बंद करावी.

आता टाकी घडविण्याविषयी. पाण्याच्या टाकीला जस्ताचा मुलामा चांगला, म्हणून डिझेलच्या टाकीलाही तोच असावा, ही समजूत चुकीची आहे. डिझेलमधील आम्ल द्रव्यांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा चिकट गाळ तयार होतो आणि तो गाळण्या तुंबवितो. तांब्याच्या संपर्कानेही डिझेल लवकर बिघडते. साधे पोलाद बाहेरून नीट रंगवून वापरावे. समुद्रयोग्य जातीचे अॅल्युमिनियम किंवा या कामासाठीच बनविलेली जाड प्लास्टिकची टाकीही चालते. स्टेनलेस पोलाद चकाकते म्हणून सर्वांत उत्तम असे नव्हे. जेथे खारे पाणी अडून राहते तेथे त्याला बारीक छिद्रे पडतात. टाकी कोणत्याही धातूची असो, तिच्याखाली ओल राहील असे रबर किंवा गोणपाट घालू नये. तिच्याभोवती हवा खेळावी, आणि ती पट्ट्यांनी व लाकडी ठोकळ्यांनी अशी जखडावी की, नौका पूर्ण कलंडली तरी तिने जागा सोडू नये. बसविण्यापूर्वी हवेचा हलका दाब देऊन, सुमारे 0.2 बार एवढा, सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडा दिसला की तेथे गळती आहे. मोटारींच्या टायरमध्ये हवा भरण्याच्या यंत्राने भरमसाट दाब देणे धोक्याचे आहे. त्याने टाकी फुगून फाटते.

टाकीला हवानळी हवी, आणि ती समुद्राचे पाणी शिरणार नाही अशा उंचीवर, तोंड खाली वळवून सोडलेली हवी. ती तुंबली, तर इंधन ओढले जाताच टाकीत पोकळी निर्माण होऊन यंत्र बंद पडते. आणि डिझेल असूनही यंत्र का थांबले, याचा शोध खलाशी रात्रभर करीत बसतात. टाकी गळ्यापर्यंत भरू नये. डिझेल तापले की फुगते. पाचशे लिटर डिझेल दहा अंशांनी तापल्यास सुमारे चार लिटरांनी वाढते. सकाळी गार डिझेल काठोकाठ भरले तर दुपारी ते हवानळीतून डेकवर येते. पाच टक्के जागा रिकामी ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर.

टाकीच्या सर्वांत खालच्या जागी गाळ आणि पाणी काढण्याची तोटी असावी. अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी जमते. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जीव आणि बुरशी वाढते. शांत पाण्यात हा काळा गाळ तळाशी झोपलेला असतो. वादळात टाकी ढवळली की तो वर येतो आणि गाळण्या बंद करतो. यंत्राची सर्वाधिक गरज असते त्याच घटकेला ते दगा देते, यामागे पुष्कळदा दैव नसते, महिनोन् महिने न उघडलेली तोटी असते.

एक गोष्ट हौशी कारागिरांच्या हटकून नजरेआड होते. डिझेल यंत्र टाकीतून जेवढे इंधन ओढते, तेवढे सारे जाळीत नाही. उरलेले परतीच्या नळीने माघारी पाठविते. नवी टाकी ओढणीच्या नळीला जोडली आणि परतीची नळी जुन्याच टाकीत राहिली, तर नवी टाकी हिशेबाआधी रिकामी होते आणि जुनी भरून वाहू लागते. तांडेल समजतो की यंत्र फार खाते. यावर सर्वांत निर्धोक तोड अशी की, यंत्राचा संबंध केवळ मूळच्या टाकीशीच ठेवावा. तिच्या ओढणीच्या व परतीच्या नळ्यांना हातच लावू नये. जादा टाकीतून हाताने चालणाऱ्या पंपाने, गाळणीतून, मूळच्या टाकीत डिझेल घ्यावे. त्यामुळे जादा टाकीत घाण वा पाणी असले तरी ते यंत्रापर्यंत थेट पोहोचत नाही, आणि प्रत्येक वेळी किती घेतले याची नोंद राहते.

वापरण्याचा क्रमही यातूनच ठरतो. जादा टाक्या आधी रिकाम्या कराव्यात, एका वेळी एकच, आणि ती पूर्ण संपेपर्यंत. म्हणजे हलणारे इंधन एका वेळी थोड्याच जागी असते. परतीच्या प्रवासासाठी मूळची टाकी भरलेली राहते, आणि पंप बिघडला तरी तो जातानाच बिघडलेला कळतो. घर गाठण्याची शिदोरी सुरक्षित असते. मोजण्यासाठी काट्याच्या यंत्रापेक्षा खुणा केलेली दांडी अधिक विश्वासाची.

आगीचा विचार शेवटी आला म्हणून तो गौण नव्हे. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, यावर विसंबून पिंपांशेजारी स्टोव्ह पेटविला जातो. भारतात वाहनांसाठी मिळणाऱ्या सर्वसाधारण डिझेलला पेट घेण्याजोगी वाफ सुटण्याचे किमान तापमान 35 अंश सेल्सियस एवढेच धरलेले आहे. वैशाखातील डेक आणि बंद यंत्रघर ही मर्यादा सहज ओलांडतात. बाहेरचे यंत्र लावलेल्या लहान होड्यांत पेट्रोल नेले जाते, तेथे तर अधिकच सावधपणा हवा. पेट्रोलची वाफ हवेहून तिपटीचौपटीने जड असते. ती वर उडून जात नाही, होडीच्या तळाशी पाण्यासारखी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. पेट्रोलचे डबे झाकलेल्या कप्प्यात ठेवू नयेत, होडीत असताना भरू नयेत. धक्क्यावर उतरवून, जमिनीवर टेकवून भरावेत.

डेकवरच्या मोकळ्या पिंपांचे दोष आता निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. ती उंचावर असतात, दोर तुटला की घरंगळतात, हेलकाव्यांत नळी तोंडाने ओढून ती रिती करावी लागतात, सांडलेल्या डिझेलवर खलाशी घसरतो आणि मासळीला वास लागतो. ज्या मासळीसाठी एवढे दूर जायचे, तिचाच भाव लिलावात पडतो.

या कामाला योग्य काळ पावसाळ्यातील मासेमारी बंदीचा. या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. गोव्यात 29 जूनला संत पेद्रूच्या सणाला कांदोळीला होड्या एकत्र बांधून सांगोड निघतो; कोकणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो. या दोन सणांच्या मधल्या आठवड्यांत सुतार, वेल्डर आणि यंत्राचा मिस्त्री एकत्र बसवून हे काम शांतपणे करता येते. नोंदणी झालेल्या नौकेतील असा फेरफार नोंदणी-अधिकाऱ्यांस कळवावा. महाराष्ट्रात सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील कराचा परतावा मिळतो, त्याचा कोटा टाकी मोठी केल्याने आपोआप वाढत नाही, हेही आधी समजून घ्यावे.

काम पुरे झाल्यावर एक साधी परीक्षा करावी. टाकी बसविण्यापूर्वी स्थिर पाण्यात नौकेला बाजूने लोटून ती दहा वेळा डुलायला किती वेळ लागतो, हे घड्याळावर मोजून ठेवावे. बसविल्यावर, टाकी भरलेली आणि अर्धी असताना, पुन्हा मोजावे. नौका जेवढी सावकाश आणि आळसावून डुलते, तेवढे तिचे स्थैर्य कमी. डुलण्याचा वेळ एक दशांशाने वाढला, तर मध्यांतराची उंची साधारण सहाव्या हिश्शाने घटली असे समजावे. अननुभवी माणसाला हे संथ डुलणे सुखाचे वाटते. अनुभवी तांडेल त्याला भितो.

2017 च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीकडून लक्षद्वीपमार्गे उत्तरेकडे सरकले, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या साठांहून अधिक नौका वादळापासून बचाव करीत सिंधुदुर्गातील देवगडच्या आश्रयाला आल्या. घरापासून शेकडो मैलांवर, ठरविलेल्या वाटेच्या पार बाहेर. मासेमारीच्या हिशेबात असा प्रवास कोणी मांडीत नाही. तिसरा हिस्सा राखायचा असतो तो अशाच दिवसांसाठी.

जादा टाकी ही अधिक दूर जाण्याचा परवाना आहे, असे मानणारा तांडेल ती संपेपर्यंत जाईल. ती परत येण्याची हमी आहे, असे मानणारा तिच्यातील शेवटचा भाग कधी मोजणारच नाही. लोखंड तेच, डिझेल तेच. पण धक्क्यावर कंदील घेऊन वाट पाहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने या दोन टाक्यांत फार मोठे अंतर आहे.